उतरलेल्या माणसाला आधी काय सांगावं

बाबा,

तुम्ही शिकवलेला तो ग्रीक शब्द ग्रीक नाहीच. म्हणजे ग्रीक आहे, पण जहाजातून उतरण्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या नातीच्या जहाजावर सध्या ग्रीक कप्तान आहे. तिनं मोठ्या अभिमानानं त्याला सांगितलं, की माझे आजोबा किनाऱ्यावर उतरण्याला असं असं म्हणायचे. तो हसत सुटला, आणि अर्थ विचारला तर सांगेना. म्हणजे तिकडच्या बंदरावर कोणीतरी तुम्हाला शिवी शिकवली होती आणि तुम्ही ती मला मागच्या पडवीत बांगडे साफ करता करता घोकून घेतलीत. मीसुद्धा काय बावळट, पुण्यात भाषांतराचं काम करायला लागल्यावर एका परिषदेत चारचौघांत म्हणून दाखवली होती. तिथं कोणी ग्रीक नव्हता, देवाची कृपा.

बाकीचे शब्द मात्र बहुतेक बरोबर निघाले. जहाजावर तुम्ही स्वयंपाकी. बंदर आलं की डेकवरची माणसं भटारखान्यात डोकावून आधी एकच विचारायची, की उतरायला मिळणार का. म्हणून प्रत्येक भाषेतला तेवढा एक शब्द तुमच्याकडे जमला, बाकी त्या भाषेत तुम्हाला पाणीसुद्धा मागता येत नसे. तुम्ही म्हणायचात, अर्धी दुनिया उतरते आणि अर्धी चढते. आपण उतरतो, गोव्याचा माणूस ‘देंवता’, अरब ‘नज़ल’ म्हणतो तेही खाली येणंच. पण तमिळ खलाशी ‘करै एरु’ म्हणतो, म्हणजे तो काठावर चढतो. चिनी माणूस ‘शांग आन’ करतो, तोही चढतो. जपानीही चढतोच. पोर्तुगीज म्हणे उडी मारतो, ‘साल्तार’. इंग्रज आणि जर्मन नुसते जातात, चढ नाही उतार नाही, जणू शेजारी निघालेत. मी विचारलं होतं, शिडी तीच, धक्का तोच, मग एक चढतो आणि एक उतरतो हे कसं काय? तुम्ही बांगड्याच्या पोटातली घाण काढत म्हणालात, जहाजाकडे बघणारा उतरतो, पाण्याकडे बघणारा चढतो. हे खरं की तुम्ही तिथल्या तिथं जुळवलंत, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तकात कुठं सापडलं नाही. पण मी तेवीस-चोवीस वर्षं भाषांतरं करून पोट भरलं, त्यात ह्याहून बरं स्पष्टीकरण कोणी दिलं नाही.

आपल्या मराठीत तर प्रवाशाला शब्दच ‘उतारू’. बिचारा नुकता कुठं चढतोय, तोवर आपण त्याला उतरवून मोकळे. तुमच्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “आई, तुझे शब्द फुकट चालले. उतरूक गावताच खंय?” तिचं जहाज कंटेनरचं. बंदरात येतं, यंत्रं डबे उचलतात, डबे ठेवतात, आणि जेवणं आटपायच्या आत पुन्हा समुद्रात. गेल्या खेपेला कित्येक महिने तिचा पाय मातीला लागला नव्हता. घरी येते तेव्हाही बंदरात नाही उतरत. कागदावर सही करते, त्याला ‘साइन ऑफ’ म्हणतात, आणि विमानात बसते. म्हणजे आता उतरायचं ते सहीनं. तुम्ही असतात तर ह्या शब्दावर तोंड वाकडं केलं असतं.

तुमचा हट्टच होता. मुंबईत जहाज सोडलं की एसटीनं यायचं नाही, प्रवासी बोटीनंच यायचं. बसमधून उतरलेला खलाशी कसला, म्हणायचात. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मालवणच्या होड्या जाऊन माणसं आणायच्या, आणि तुम्ही ट्रंक डोक्यावर घेतलेल्या हमालाच्या मागून धक्क्यावर यायचात. ओळखीचा प्रत्येक माणूस एवढंच विचारायचा, “इलास?” तुम्ही म्हणायचात, “इलंय.” सगळ्या जगाचे शब्द गोळा केलेला माणूस, पण स्वतःच्या धक्क्यावर चढलंय म्हणत नसे की उतरलंय म्हणत नसे. नुसतं आलोय. तिथून देवबागला घरी. उंबऱ्याबाहेर थांबायचं, पायावर पाणी, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग ओट्यावर बसून गूळपाणी. ते पिऊन होईपर्यंत कोणी काही मोठं बोलायचं नाही. कोण गेलं, कोणाचं मोडलं, कोणाची होडी फुटली, सगळं त्यानंतर.

आणि जो दर्यावर आहे त्याला तर काहीच कळवायचं नाही. हा आपल्याकडचा जुना कायदा. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तिला ताप आला, तो उतरेना, कुडाळला नेईपर्यंत सगळं संपलं. तार करायची का असं शेजारच्या मास्तरांनी विचारलं, तेव्हा मोठे काका म्हणाले, “ज्याका उतरूक येणा नाय, त्याका सांगान काय करतलास?” सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं होतं. अथांग पाण्याच्या मध्ये माणूस, त्याच्या हातात असली बातमी देऊन तो जाणार कुठं? काका दुष्ट नव्हते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, तरी त्यांच्या बोलण्यातली चूक मला चटकन दाखवता येत नाही.

मग तुम्ही आलात. होडीवाल्याला माहीत होतं. हमालाला माहीत होतं. धक्क्यावर मासळी विकायला बसलेल्या बायकांना माहीत होतं, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, इलास? तुम्ही त्या दिवशी खुशीत होतात, एकीच्या टोपलीतली सुरमई उचलून वजन करून पाहिलीत, भावावरून तिला छेडलंत. हे मला नंतर कळलं. मी घरी होते. आत्येनं तुमच्या पायावर पाणी ओतलं. तुम्ही विचारलंत, ही खंय गेली? आत्ये म्हणाली, बाजारात गेली, येईल. तांब्या-पेला माझ्या हातात दिलेला होता. तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकलात, घटाघट पाणी प्यायलात, ट्रंक उघडलीत आणि आईसाठी आणलेलं निळं पातळ वर काढून ठेवलंत. ओट्यावर माणसं वाढायला लागली आहेत हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं. बाजारातून बायको येणार म्हणून एवढी माणसं कशाला जमतील? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला रडू आलं.

त्यानंतर तुम्ही कोणावर ओरडला नाहीत. काकांशी भांडला नाहीत. दिवसकार्य झालं, लोक पांगले, आणि एका दुपारी मी पाणी भरत होते तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, “माका धक्क्यारच सांगूक व्हया होता गो. मी गूळपाणी पिऊन बसलंय.” एवढंच. बायको गेली ह्याच्यापेक्षा ती गेलेली असताना आपण ओट्यावर बसून गोड खाल्लं, सुरमईच्या भावावरून हसलो, ह्याचा तुम्हाला जास्त त्रास झाला असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगत होतात.

पुढच्या जहाजाचं बोलावणं आलं आणि तुम्ही गेला नाहीत. बर्फाच्या कारखान्यात लागलात. दोघांच्या घरात आठ माणसांची आमटी करायचात, कारण हाताला तेच माप, आणि उरलेली शेजारी वाटायला मी जायचे. आत्ये मला तिच्याकडे फोंडाघाटला न्यायला तयार होती, तिथं शाळा चांगली होती, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला जाता आलं असतं. मी कॉलेजात असताना एकदा धीर करून विचारलं, की तुम्हाला परत जायचं होतं का? तुम्ही चुलीकडे मान करून म्हणालात, “भात उतू जाता, बघ.” भात उतू जात नव्हता. मी बघितलं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं होतं आणि तुम्ही राहिला होतात, दोन्ही खरं होतं. मला तुम्ही राहिलेले हवे होतात. पोरीला बाप घरात हवा असतो, त्याला दुसरं काय कारण लागतं?

आता मुद्द्याचं. माझ्या छातीत गाठ आहे. गाडीनं घाट चढून कोल्हापूरला जाऊन आले, दोनदा. डॉक्टर भले आहेत, बोलतात सावकाश. गाठ काढायची, मग औषधं, ती काही महिने चालतील, आणि पुढचं पुढे बघू म्हणाले. मी घाबरले आहे का असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि घरी येताना घाटात गाडी थांबवून ओकले. घाट लागला असेल, असं ड्रायव्हर म्हणाला. मी हो म्हटलं.

तुमच्या नातीला ह्यातलं काही माहीत नाही. ती ह्या सुट्टीत वरच्या हुद्द्याची परीक्षा देणार आहे, पुढच्या जहाजाचं तिचं नक्की झालेलं आहे. ह्या किनाऱ्यावरची ती पहिलीच मुलगी असेल असं गावात बोलतात. असेल किंवा नसेल, पण तिनं त्यासाठी किती ऐकून घेतलंय ते मी पाहिलेलं आहे. तिचे बाबा गेल्यापासून देवबागच्या घरात आम्ही दोघीच, त्यातली एक नेहमी पाण्यावर. शेजारची वहिनी रोज येऊन बजावते. ती काकांची सून, तिला कायदा पाठ आहे. दर्यार आसा ती, आधी उतरांदे. घरी येऊंदे, गूळपाणी घेऊंदे, दोन दिवस सुखानं जेवूंदे, मग बघू. तिच्या तोंडून काकाच बोलताना ऐकू येतात मला. दर्यावर असेपर्यंत मी तो कायदा पाळला. फोनवर हवापाणी बोलले, आवाज बसलाय तो सर्दीचा आहे म्हणाले. उतरूक येणा नाय, त्याका सांगान काय?

पण उद्या ती उतरते. गोव्यात मोप्याला विमान, दुपारचं. वहिनीला मी सांगून टाकलं, की मी घरापर्यंत थांबणार नाही. दारातून बाहेर आली की तिथंच, गाडीत बसायच्या आधी सांगणार. वहिनी चिडली. म्हणाली, पोरगी दमून येतली, रस्त्यात रडवशील तिला? मी तिला तुमची गोष्ट ऐकवली, तुम्ही पाणी भरताना जे म्हणालात ते. तिनं डोळे पुसले, म्हणाली, बरोबर आसा तुजा. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

तसं वाटलं नाही, आणि म्हणून हे लिहायला बसले. वहिनीला जे सांगितलं ते सगळं खरं आहे. लेक तुमच्यासारखी फसू नये असं मला मनापासून वाटतं. पण तेवढंच नाही. घरी येऊन, जेवून, झोपून उठल्यावर सांगितलं, तर ती शांतपणे विचार करेल. डॉक्टर, पैसे, परीक्षा, जहाज, कोण माझ्याजवळ राहील, सगळं मांडून बघेल, आणि बहुतेक जाईल. गेलेलंच बरोबर ठरेल. विमानतळाच्या दारात, हातात बॅग असताना सांगितलं, तर ती विचार करणार नाही. ती तुमची नात आहे. ती राहील.

मी तिला ‘तू जा’ असंच म्हणणार आहे, तोंडानं. मला ती घरात हवी आहे, बाबा.