फोनची वायर आणि धूळ

४ जून
गावाकडे मोठा भूकंप झाला. धाकटी बहीण तिथेच असते. लगेच फोन लावणार होते, पण लाइन बंद असणार हे शहाण्या माणसाला कळतं. उद्या नक्की.

५ जून
फोनची वायर काढून ठेवली. धूळ बसते.
भीती वगैरे काही नाही. हे गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी कांदा चिरत होते. तो अर्धाच राहिला. चार वर्षं झाली त्याला. त्याचा आणि वायरीचा संबंध नाही.
दुपारी मदत मंडळात गेले. इथं येऊन राहिलेल्या आपल्या लोकांचं मंडळ. हॉलभर खोकी, कपडे, औषधं, तंबू गावाकडे पाठवायचे. सेक्रेटरी म्हणाली, काकू, तुमचा आवाज खणखणीत, तिकडून सापडलेल्यांची यादी येते ती रोज वाचून दाखवा. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. खोकी भरायला बसले.

९ जून
यादी रोज सहाला वाचतात. नेमका तेव्हाच माझा चहा उकळायचा असतो. मंडळाच्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागतं, नाहीतर वाफ बाहेर जाते. शाळेचं तोंड न पाहता मी वाचायला शिकले, जाडजाड पुस्तकं संपवली. एक यादी काय जड आहे? वेळ मिळू दे.

१३ जून
लोकरीच्या कपड्यांची दोन खोकी भरली. मंडळातले टेलरकाका म्हणाले, वहिनी, तिकडे अंगाची लाही होतेय, स्वेटर घालून त्यांनी काय भट्टी लावायची? मी म्हटलं, घर पडलेल्या माणसाला आतून थंडी वाजते. त्यांनी खोक्याला दोरी बांधली. पटलं असावं.
ह्यांचा कोटही घातला. कपाटात नुसता लटकायचा. कपाट उघडलं की दचकायला व्हायचं. नियमाप्रमाणे खोक्यात मंडळाच्या नंबराची चिठ्ठी टाकली: मिळालं की कळवा.

१७ जून
आज फोन लावायचाच, असा निश्चय. वायर हातात घेतली. हात ओले. ओल्या हाताने वायर लावू नये. फडकं सापडेपर्यंत तिकडे झोपायची वेळ झाली.

२१ जून
धाकटी ठणठणीतच असणार. लहानपणापासून चिवट. दाराची कडी तीनदा पाहिली. कपाट उघडलं, रिकामा हँगर. तरीही दचकले. जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

२६ जून
चहा उकळत होता. सेक्रेटरीने दार बडवलं, काकू, गावाकडून फोन, तुमच्या घरचं कुणी विचारतंय. चहा उतू गेला. तिने दंडाला धरून नेलं. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.
धाकटी! तंबूतून.
आधी किंचाळली. मग रडली. मग असं झापलं की हॉलभर ऐकू गेलं. म्हणाली, बावीस दिवस फोन लावतेय, उचलत का नाहीस? आणि आज खोक्यातून भावजींचा कोट निघाला. कोपरावरचं वाकडं ठिगळ, ताई, तुझ्याच हातचं. मला वाटलं, तूही गेलीस आणि लोकांनी घर आवरून कपडे वाटले. चिठ्ठीवर फोन केला तो तू कधी गेलीस ते विचारायला! माझं नाव यादीत दुसऱ्या दिवसापासून आहे. वाचता येतं ना तुला?
म्हटलं, फोन बिघडला होता.

२७ जून, सकाळी आठ
वायर लावली. पाच मिनिटांत रिंग. घाबरले नाही. सातव्या रिंगला उचलला.
सेक्रेटरी. म्हणाली, तिकडून निरोप आहे, हात जोडतो पण स्वेटर नको. आणि काकू, आज यादी तुम्ही वाचायची.
बरं म्हटलं. चष्मा पुसला. मग वायरही पुसली.
धूळ नव्हतीच.