बाहेरच्या कडीचा जबाब

देवणी, दि. १८ नोव्हेंबर २०२४

जनाब निजामोद्दीन भाई, मुक्काम नायगाव, यांस शेषेराव बिरादार याचा सलाम.

आपल्या घरची खुशाली विचारावी असे तोंड मला राहिलेले नाही. म्हणून थेट मजकुरास आरंभ करतो.

मी, शेषेराव माणिकराव बिरादार, वय ७८ वर्षे, धंदा शेती व देवणी जातीच्या गाईंचे पालन, शिक्षण इयत्ता चौथी पास, राहणार देवणी, पंचक्रोशीत शब्दाला मान असलेला मनुष्य, लिहून देतो की, लातूर येथे आपली मुलगी हुस्ना व माझी नात पुनम शिकवणीसाठी ज्या खोलीत राहत होत्या, ती मी पसंत केली होती. "बिरादार साब, तुमचा बंदोबस्त म्हटल्यावर मी बघायला यायची गरज न्हाई," असे आपण फोनवर म्हणालात. मला अभिमान वाटला.

तिसरा मजला, एकच खिडकी, तिला गज. विजेच्या शेगडीची वायर सोललेली होती. पुनमने तिला चिकटपट्टी गुंडाळली, तेव्हा मी पोरीच्या टापटिपीचे कौतुक केले. माझे सारे लक्ष दाराकडे होते.

दि. ९ रोजी दुपारी तीनच्या सुमारास त्या वायरने पेट घेतला. पुनम परीक्षेस गेलेली. हुस्ना तापाने आत निजलेली. दाराला बाहेरून कडी व कुलूप. किल्ली घरमालकीण शिवकांताबाईंच्या कमरेला, आणि बाई बाजारात. पुढचे आपण जाणता.

दफनानंतर आपण माझा हात धरून म्हणालात, "तुमची पोरगी वाचली, अल्लाचे शुक्र माना." मी हात काढून घेतला नाही. घ्यावयास पाहिजे होता.

पोलिसांनी विचारले, बाहेरची कडी कोणाची. शिवकांताबाई म्हणाल्या, या आजोबांची. मी म्हणालो, मला माहीत नाही. जमादारांनी माझ्या फेट्याकडे पाहिले व माझे खरे धरले. बाई आज आठ दिवस कोठडीत आहेत. पुनम माझ्या हातचे पाणी घेत नाही. "आजोबा, तुम्ही खोटं बोलून राहिलेत," एवढेच ती बोलली.

कडी माझी आहे. माझ्या गोठ्याच्या दाराची, भक्कम. दि. २३ जून रोजी पिशवीत घालून मीच ती नेली. दुपारी दोन ते पाच अभ्यासाची वेळ, तेवढा वेळ बाहेरून कुलूप, हा नियमही माझा. शिवकांताबाई म्हणाल्या, "काका, काही झालं तर पोरी निघतील कशा?" मी म्हणालो, "काही होऊ नये म्हणूनच कडी आहे, बाई." तेव्हा हुस्ना हसून म्हणाली, "आजोबा, आम्ही काय देवणी कालवडी हाव का?" मी उत्तर दिले, "कालवडीला किंमत असते, म्हणून तिला कडी असते."

हे उत्तर मी गावात येऊन चार लोकांना ऐकवले होते.

उद्या सकाळच्या गाडीने लातूरला जाऊन मी जबाब बदलणार आहे. बाई सुटतील, माझे जे व्हायचे ते होईल. परंतु हे आपणांस दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून आधी लिहिले. माफी मागत नाही. तेवढी माझी पायरी उरलेली नाही.

आपला गुन्हेगार,
शेषेराव माणिकराव बिरादार

कडी बसवतेवेळी समक्ष हजर:
शिवकांताबाई, घरमालकीण. नको म्हणत होत्या.
पुनम, माझी नात.
हुस्ना निजामोद्दीन, वय सतरा. माझे हात थरथरतात म्हणून स्क्रू तिने ओंजळीत धरले होते.