आबांच्या विहिरीवरची गॅलरी

नाशिकरोड,
३ ऑक्टोबर १९८३

प्रिय बुधाभाऊजी,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळी बरी आहोत. मनमाडला जाऊन तुम्ही वहिनीच्या हातचा ठेचाही विसरलात, हे काही शोभत नाही. भांडण तुम्हा दोघा भावांचं. माझ्याशी कसला अबोला?

आपला क्लब फायनलला पोचलाय. रविवारी मॅच आपल्याच मैदानावर. तुमचे दादा घरोघर जाऊन गॅलरीत बसायचं आमंत्रण देतायत.

ती जागा तुम्हाला सांगायला नको. आबांनी वस्तीसाठी खणलेली विहीर बाहत्तरच्या दुष्काळात आटली, तेव्हा त्यांनीच ती राख नि विटांचे तुकडे टाकून बुजवली. पाणी नाही तर निदान पोरांना मैदान, म्हणाले. ते गेल्यावर दादांनी बरोबर त्या विहिरीवरच मॅच बघायला पायऱ्यापायऱ्यांची, त्यांच्या नावाची गॅलरी बांधली. विहिरीवर नको, असं तुम्ही एकटेच म्हणालात, तर दादा म्हणाले, "वडलांचं नाव नको झालंय त्याला."

यंदा पाऊस फार झाला. खालची पायरी कितीही पुसा, ओलीच. मधोमध तडा गेलाय. दादा रोज सकाळी सिमेंट भरतात. विचारलं तर म्हणतात, उन्हानं जातो. या पावसात कसलं ऊन?

काल मी तड्यात खडा टाकून पाहिला. आधी काहीच नाही. मग खालून डुबुक असा आवाज आला. भाऊजी, मला फार भीती वाटते.

जेवताना मी मुद्दाम म्हटलं, रविवारी पोरींना घेऊन गॅलरीत बसते. दादांचा घास हातातच राहिला.

"तुम्ही घरीच थांबा. लय गर्दी व्हईल."

साऱ्या वस्तीला बोलावणारा माणूस बायकोपोरींना तेवढं येऊ नका म्हणतो! मी म्हटलं, मग दोरी बांधून बंद करा ना. "आबांच्या नावाला दोरी बांधू?" म्हणाले आणि ताटावरून उठले.

मी ठरवलंय. पोरींना शेजारच्या भागीबाईंकडे ठेवून सगळ्यांच्या आधी मी एकटी तिथे जाऊन बसणार. मला बघून तरी ते दुसऱ्या कुणाला चढू देणार नाहीत, असं वाटतं. नुसतं वाटतं.

तुम्ही शनिवारीच या. उशीर झाला तर घरी जाऊ नका, सरळ मैदानावर या.

तुमची वाट पाहत तिथेच बसलेली,
वत्सलावहिनी