काटा ऐंशीवरच होता

जुळे सोलापूर,
मंगळवार

चिरंजीव हिंदुराव यास,

थोरल्या बहिणीचा, बजाक्काचा, पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी धडधाकट आहेत, माझा डावा गुडघा सोडून, आणि त्याला मी आता घरच्या माणसांत धरत नाही. तुझा दमा कसा आहे? काढा पितोस की नुसता उकळून झाकून ठेवतोस? तुझ्या बायकोला विचारलं म्हणून सांग. तिनं धाडलेलं लोणचं मीठ कमी असूनही संपलं (इथल्या माणसांना चव कमी आणि भूक जास्त).

पत्रास कारण की, येत्या रविवारी तू येणार, आणि तुझी नात आरोही आमच्या युवराजला द्यायची की नाही ते ठरवून सुपारी फोडणार, नाहीतर तशीच खिशात घालून श्रीपूरला परत नेणार. फोनवर तू विचारलंस, "अक्का, पोरगं गाडी बेतानं चालवतंय न्हवं?" मी म्हणाले, बघून लिहिते. फोनवर सांगायची सोय नाही. ह्या फ्लॅटच्या भिंती नुसत्या रंग द्यायला बांधल्यात. मी इकडं शिंकले तरी नातू तिकडून "आजी, वाफ घे" म्हणतो.

त्याची ती लाल गाडी तू पाहिलीसच. दोन दारं, मागं बसायचं तर माणसाची घडी घालावी लागते, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरची गिरिजाबाई म्हणते, "पीठगिरणी सुरू झाली वाटतं." दिवाळीत तिच्यात बसून तू पांढराफटक झालास, आणि बाळे गावच्या खंडोबासमोर नेऊन पोराच्या हातात बेलभंडार दिलास. काटा ऐंशीच्या पुढं जाणार नाही, अशी शपथ त्यानं घेतली. शब्द नीट बघ हिंदुराव, तूच घालून दिलेले. काटा. गाडी नव्हे. (लहानपणी दुधाचं भांडं उघडं ठेवून मांजराला दम देत होतास, तशातली तुझी अक्कल.)

पोरगं महिनाभर गरीब गायीसारखं वागलं. मग गाडीखाली झोपायला लागलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचा जोर त्याच्या आतल्या दात्यांतून चाकांना जातो. युवराजनं पुण्याच्या जुन्या मालातून दोन भोपळे आणवले आणि त्यातला एक निंगप्पा मिस्त्रीकडून बसवून घेतला. चार पूर्णांक एकचा काढला, तीन पूर्णांक तीनचा घातला, असं जेवताना आईला सांगत होता. (एवढे पूर्णांक दहावीला आठवले असते तर शिकवणीला कशाला जावं लागलं असतं!) कशाला रे, म्हटलं, तर म्हणे, "आजी, हायवेला इंजिन शांत राहतं." इंजिन शांत म्हणजे नातूही शांत, असं मी समजले. म्हातारपणी एवढी चूक होते.

दोन आठवड्यांमागं कुंभारीला जायचं होतं. माझी जुनी सोबतीण तिथं राहते, तिचा पाय मोडलाय (पाहुणे आल्यावर तिचा जास्त दुखतो). मी पुढं बसले, माळ हातात. आता माझी एक सवय तुला ठाऊक नाही. काटा ऐंशीवर असला की ह्या किलोमीटरच्या दगडापासून त्या दगडापर्यंत माझं पंचेचाळीस वेळा खंडोबाचं नाव होतं. कैक वेळा मोजलंय. त्या दिवशी काटा ऐंशीवर, पोराचा चेहरा देवळातल्या नंदीसारखा, आणि दगड आला तेव्हा माझं नाव झालं होतं छत्तीस. पुढच्या दगडाला पुन्हा छत्तीस. आता तू म्हणशील अक्काची जीभ जलद चालते. ती माणसांशी. देवाच्या नावात मी घाई करत नाही.

कुंभारीहून आले आणि गप्प बसले. मी गप्प बसले की घरात सगळे घाबरतात, पण युवराज मोबाईलमध्ये होता. पाच दिवसांनी तो ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला आणि भोपळ्यातलं तेल बदलायला गाडी निंगप्पाकडं टाकून गेला. मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधली, रिक्षा केली आणि गेले. निंगप्पा अक्कलकोटकडचा, अर्धा कानडी, खोटं बोलायला लागला की मराठी विसरतो. आधी दहा मिनिटं तो कानडीत बोलला. चटणीच्या दुसऱ्या भाकरीला मराठी आली.

"अज्जी, काट्याची वायर हाय गिअरबॉक्सला. मागं भोपळा बदलला त्याला काय ठावं? त्याला वाटतंय जुनंच हाय. त्यो ऐंशी म्हणतो, गाडी पळती शंभरनं."

मला लगेच समजलं रे. बावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर काढली. मागाचं एक बारकं चाक बदललं की माग तेवढाच खडखडतो, माणूस तेवढाच घामाघूम होतो, पण चादर विरळ विणून निघते. आमचा मुकादम हेच करून गिऱ्हाइकाला गंडवायचा. माझा नातू मुकादम निघाला. मी विचारलं, "निंगप्पा, युवराजनं आणवलेला तो दुसरा भोपळा कितीचा?" "चार पूर्णांक नऊ. पन त्यो उलटा हाय अज्जी, आकडा मोठा की चाकं हळू, गाडी मुंगीसारकी जाईल." म्हटलं, "मग बसव की."

शुक्रवारी पोरगं आलं, गाडी आणली, म्हणे काय झटक्यात उचलते आता, निंगप्पाच्या हाताला जादू आहे! मी म्हणाले, असेल बाबा, मला दुसरीपर्यंत शिकलेलीला काय कळतंय. शनिवारी पुन्हा कुंभारी. काटा ऐंशीवर. आवाज तोच. माझं नाव चोपन्न. मागून एसटी आली, हॉर्न दिला, आणि आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतल्या एका पोरानं टाटा केला. युवराजनं काट्याकडं बघितलं, एसटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी माळ ओढत होते. विचारावं तर स्वतःचं पाप बाहेर येतंय, न विचारावं तर एसटी लांब चाललीय. कान असे लाल झाले की गाडी फिकी दिसावी. शपथ मोडायची तर पाय खाली दाबायचा, बस्स. पण हिंदुराव, त्यानं पाय दाबला नाही. काटा ऐंशीवरच राहिला. मागून एक टेम्पोही निघून गेला, तरी नाही.

म्हणून लिहिते. पोरगं लबाड आहे, हे मी लपवत नाही. पण खंडोबापुढं बोललेल्याला चिकटून राहतं. वाट काढतं, मोडत नाही. अशा माणसाबरोबर बाईचं निभतं. तुझ्या बहिणीचं ज्याच्याबरोबर निभलं तो दिलेला शब्द दारातच विसरायचा, देव त्याला सुखी ठेवो. तेव्हा सुपारी फोडायच्या बेतानंच ये, आणि तुझ्या साध्यासरळ पोरीला माझ्या घरात काही कमी पडणार नाही असं तिच्या आईला सांग.

तुझी,
बजाक्का

ता. क. – वरचं "साध्यासरळ" खोडून वाच. पाकीट चिकटवणार तोच युवराज पाया पडून सगळं ओकला. दोन भोपळ्यांतला कुठला बसवायचा, काटा किती खोटं बोलेल, हे सगळं गणित तुझ्या डिप्लोमावाल्या आरोहीनं फोनवर करून दिलं. दिवाळीपासून दोघं रोज बोलतात. तू शपथ घालत होतास तेव्हा ती मागं उभी राहून तुझे शब्द मोजत होती. आता पोरगी द्यायची की नाही हे तू कसलं ठरवतोस? माझ्या नातवाला बिघडवलंय तिनं, मीच तिला घेऊन जाते.

ता. क. दुसरा – खरं काम राहिलंच. ह्या चार पूर्णांक नऊनं बेजार केलंय, काल सायकलवाल्यानं सुद्धा मागं वळून बघितलं. पण निंगप्पा म्हणतो, ताईचा आकडा आल्याशिवाय आता पान्याला हात लावणार नाही. तेव्हा आरोहीला विचारून आकडा कागदावर लिहून आण आणि माझ्याच हातात दे, युवराजच्या नको. आकडा फार भित्रा काढू नको म्हणावं. त्या छत्तीसच्या दिवशी मी भ्याले नव्हते. कुंभारी लवकर आली, एवढंच वाईट वाटलं.