निर्माल्याच्या गॅसवरची खीर

श्रावण, मंगळवार, दिवेलागण

माझं निर्माल्य मला न विचारता न्यायचं म्हणजे काय? माझी नात वेणू आमच्या घरातली आणि मंगळागौरीच्या देवळातली उतरलेली फुलं विद्यापीठात नेऊन कुजवते, त्यातून गॅस काढते. आज तो ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून खांद्यावरून आणला.

"आजी, नैवेद्याची खीर याच्यावर कर ना."

"एकदा वाहिलेलं पुन्हा देवीलाच? अक्कल विद्यापीठात ठेवून आलीस?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं खपतेय, हातांना कुजक्या फुलांचा वास. मग केली त्यावरच खीर. चुकलं का माझं? पातेल्याला काजळी मात्र नाही. आणि तिच्या हातांचा तो वास साबणानेही जात नाही.

खीर होताना शेजारीण डोकावून गेली, तिने देवळातल्या गुरुजींच्या कानावर घातलंच असेल, उद्या जाब विचारायला येतील. येऊ देत. वेणूने तोंड उघडायचं नाही, उत्तर मी देणार.