पोत्यावरची जागा

मोठ्या बाई,

अकरा एप्रिल, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी तुम्ही भर चौथीच्या वर्गात माझा अपमान केलात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, म्हणून तक्रार निकाली निघाली असं समजू नका.

औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मी, धारूरकडच्या तुमच्या शाळेत स्टार्चच्या साडीत नवीन आलेली. दुष्काळाचं वर्ष. कारखान्याच्या ऊसतोडीवरून माणसं परतली होती आणि त्यांची पोरं पाच महिन्यांचं विसरून वर्गात बसली होती. मी म्हटलं, यांचा वेगळा वर्ग काढा. तुम्ही म्हणालात, "वेगळं काढलं की ती वेगळीच राहत्यात, बाई." मग तुमची पद्धत मला दाखवलीत. धडा सगळ्यांना एकत्र. ज्यांचं अडलं ते पाच-सहा जण खिडकीखाली, साखरेच्या रिकाम्या पोत्यावर, तिथं तोच धडा पुन्हा, सावकाश. तिथंही अडलं तर एकेकटं तुमच्या टेबलाशी, रोज थोडा वेळ. शनिवारी तुम्ही तपासायचात. ज्याचं सुटलं तो उठून आपल्या जागेवर. मला हा सगळा खटाटोप वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

एक मुलगी मात्र पोत्यावर बसेना. तीन दिवस दारात उभी. "तितं ठोंबी बसत्यात. मी न्हाई बसायची." बापानं सांगून ठेवलं होतं, शनिवारपर्यंत बसली तर शाळा, न्हाईतर सडकेच्या कामावर धाकटं सांभाळायला.

त्या मंगळवारी मी फळ्याशी उभी आहे. तोंडानं म्हणते एकोणऐंशी आणि लिहिते ८९. दारातून ती म्हणते, "बाई, ते एकोणनव्वद हाय. मी मोळ्या मोजल्यात उसाच्या." वर्ग खिदळतो. तुम्ही शेजारच्या वर्गातून येता, माझ्या हातातला खडू काढून घेता. "बाई, तुमचं आकड्यात अडलंय. पोत्यावर बसा." मी बसले. पोत्याची चिकट धूळ साडीला लागली आणि मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं ती मुलगी आली, म्हणाली, "सरका की जरा."

दुपारी तुम्ही मला घरी नेलंत. तुमच्या चुलीपुढं रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी उलटेपर्यंत मला साठ ते नव्वद आकडे म्हणायचे होते. मी अडखळले की तुम्ही म्हणायचात, "भाकर करपंल, पण तुमचं व्हईना." महिनाभर रोज. पिठाचा डबा तळाला गेलेला मला दिसत होता आणि तरी न करपलेली भाकरी तुम्ही माझ्याच ताटात टाकायचात. तुमच्या ताटातली मी पाहिली नाही, असं दाखवत राहिले.

मी निवृत्त झाले त्या दिवशी ती मुलगी भेटायला आली. आता चौसाळ्याला नर्स आहे. बोलता बोलता म्हणाली, "मोठ्या बाई आदल्या सांजंला घरी आल्या होत्या. मला म्हणल्या, उद्या ये, तुज्या शेजारी पोत्यावर एक मोठं माणूस बसवते."

आदल्या सांजंला. म्हणजे माझी चूक होण्याआधीच माझी जागा ठरली होती. माझे आकडे कच्चे आहेत हे तुम्हाला कधी कळलं? दाराआडून माझं शिकवणं ऐकत होतात का? आणि मला एकांतात विचारलं असतंत, तर मी स्वतःहून बसले नसते, असं तुम्ही कशावरून धरलंत? बसले नसते, हे खरं आहे. पण ते ठरवायचा अधिकार माझा होता.

पुढं मी स्वतः तुमच्यासारखी मोठी बाई, मुख्याध्यापिका झाले. माझ्या वर्गातही खिडकीखाली पोतं राहिलं, आणि महिन्यातून एकदा मी त्यावर बसत असे, काही ना काही अडलंय म्हणून. हे तुम्हाला कधी कळवलं नाही.

पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, ते माझ्या कपाटातच राहील. तरी खुलासा मला लेखी हवा, येत्या शनिवारी सकाळी दहाच्या आत. त्यात आकडे आले तर अक्षरांत लिहा. अंक दिसले की मी अजून आधी मनात इंग्रजीतच वाचते.