पाण्याबाहेरची दोरी

सोनई,
रविवार, ता. ४ मे २०२५

प्रिय सुमैराआपा हिस,
इन्शाचा सलाम. वि. वि. पत्र लिहायची वेळ आली, कारण माझा मोबाईल आठ दिवसांपासून काशिफभाईच्या कपाटात आहे.

माझी वही त्याच्या हाती लागली. आपल्या त्या मालिकेतल्या मिझुए आणि तोआ सोनईच्या स्टँडवर बसल्यात आणि दोघींच्या कमरेला एकच दोरी आहे, असं चित्र मी काढलं होतं. त्यानं विचारलं, ह्या दोघी एकमेकींच्या कोण? मैत्रिणी म्हणाले असते तर संपलं असतं, पण जीभ उचललीच नाही. तेव्हापासून तो म्हणतो की असलं काही डोक्यात असेल तर नगरचं कॉलेज विसर. बारावीनंतर एक वर्ष घरात गेलंच आहे, दुसरंही जाईल. अश्विनी आणि मी एकत्र फॉर्म भरून तुझ्याच हॉस्टेलला राहायचं, हे सगळं आता एका चित्रावर अडलंय.

दादाजींनी तोड काढली. सुमैरानं ती मालिका पाहिली आहे आणि ती कारखान्यात मापं तपासते, तर ती काय ते लिहील आणि सगळे मानतील, असं ते म्हणाले. तुझं पत्र नेहमीसारखं असरच्या नमाजनंतर ओट्यावर मोठ्यानं वाचलं जाईल. माझं पत्र मात्र मीच पेटीत टाकते, म्हणून इथे सांगते: चित्रात तोआच्या मनगटावर अश्विनीचं घड्याळ आहे. काशिफभाईच्या लक्षात आलेलं नाही. अजून तरी.

आपा, खरं काय ते लिही. आणि जपूनही लिही. दोन्ही कसं करायचं ते तुलाच ठाऊक.
माया आहे तेवढीच राहू दे.
तुझी इन्शा


नगर,
शुक्रवार, ता. ९ मे २०२५

ती. दादाजींना सुमैराचा आदाब, घरातल्या सर्वांना सलाम. वि. वि. माझी तब्येत ठीक आहे. कंपनीत ऑडिट चालू असल्याने महिनाअखेरपर्यंत रजा नाही.

विचारलेल्या मालिकेचे बाराही भाग मी पुन्हा पाहिले. धरणात बुडालेल्या गावातून लोकांच्या वस्तू वर काढण्याचं काम दोन मुली करतात. मिझुए बुडी मारते, तोआ होडीतून दोरी धरते. खालून दोन झटके आले की खालची जिवंत आहे असं समजायचं. दोघींनी एकमेकींना किंवा दोरीला धरल्याची एकतीस दृश्यं आहेत. त्यांपैकी एकोणतीस कामाची आहेत. उरलेल्या दोनांत वादळ आहे, म्हणजे कारण भीती. निष्कर्ष: त्या एका कामावरच्या सोबतिणी आहेत. याहून जास्त काही मालिकेत नाही.

काशिफभाईंना सांगावं, की मोबाईल कपाटात ठेवल्याने बॅटरी फुगते.
सर्वांनी लोभ ठेवावा.
आपली,
सुमैरा


सोनई,
गुरुवार, ता. १५ मे २०२५

प्रिय सुमैराआपा हिस,
सलाम. वि. वि. तुझं पत्र दादाजींनी दोनदा वाचलं. बॅटरीवर सगळे हसले, काशिफभाईसुद्धा. माझा फॉर्म भरायला त्याची हरकत उरली नाही. मोबाईल मात्र प्रवेश मिळेपर्यंत त्याच्याकडेच. तुझे आभार मानायला हवेत.

पण आपा, दिवाळीत आपण तिघी एका गोधडीत बसून ही मालिका पाहत होतो, आणि अकराव्या भागाला तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. अश्विनीनं आणि मी ते पाहिलं. त्या भागात काम संपलेलं असतं. दोघी कोरड्या जमिनीवर, स्टेशनात. पाणी नाही, वादळ नाही, तरी तोआ कमरेची दोरी सोडत नाही. तुझ्या एकतिसांत हे दृश्य नाही. तू कधी मोजायला चुकत नाहीस, म्हणून मी असं धरलं की ते मोजण्यासारखंच नव्हतं. मला दिसलं ते माझ्याच डोळ्यांतलं होतं.

अश्विनीला बघायला घोडेगावचे पाहुणे येणार आहेत, रविवारी, २५ तारखेला. तिनं मला विचारलं होतं, की तू म्हणशील तर मी घरी नाही म्हणते आणि तुझ्याबरोबर फॉर्म भरते. मी तिला तुझा निष्कर्ष सांगितला. म्हटलं, मुलगा बघून घे. ती बरं म्हणाली आणि सायकल घेऊन गेली. तेव्हापासून आली नाही.

यावर उत्तर लिहू नकोस, दादाजी वाचतील. मी ठीक आहे.
लोभाचं काय, तो तुझ्या हिशेबाने असू दे.
इन्शा


नगर,
सोमवार, ता. १९ मे २०२५

ती. दादाजींना आदाब. वि. वि. हे पत्र आधी आपण एकट्याने वाचावं. पुढे ओट्यावर वाचायचं की नाही, ते आपण ठरवावं. आपण काय ठरवाल याची मला खात्री नाही, तरी पाठवते आहे.

आमच्याकडे चुकीचा रिपोर्ट गेला, तर ज्याने सही केली त्यानेच, ज्याला दिला त्यालाच, लेखी कळवून तो मागे घ्यायचा असतो. ९ तारखेचा माझा रिपोर्ट मी मागे घेते. एकतीस दृश्यं नव्हती, बत्तीस होती. बत्तिसावं मी गाळलं, कारण त्याला लावायला माझ्याकडे कारण नव्हतं. चूक नजरेची नाही, मुद्दाम केलेली आहे. ओट्यावर काशिफभाई बसलेले असतील, या भीतीने केली.

त्या दोघी एकमेकींच्या कोण, हे मालिका सांगत नाही. मला माहीत नाही. ‘सोबतिणी’ हा शब्द माझा होता. ज्या तपासणीचा निकाल लागत नाही, त्या मालाला आम्ही पिवळी चिठ्ठी लावतो. तो नापास नसतो. त्याला कुणी मोडीत टाकायचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीने मला हेच विचारलं होतं. तिलाही मी सोबतीण म्हणाले होते. ती आता चाकणला असते. तो रिपोर्ट मागे घ्यायची मुदत गेली. इन्शाची रविवारपर्यंत आहे. तिला एवढं कळावं, की तिला दिसलं ते पडद्यावर होतं.

यानंतर मी घरी यावं की नाही, तेही कळवावं.
आपली,
सुमैरा


सोनई,
सोमवार, ता. २६ मे २०२५

चि. सुमैरा हिस जैनुद्दीनचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र शुक्रवारी पोहोचले. ते मी मागच्या दारी एकट्याने वाचले. असरनंतर सगळे ओट्यावर जमले. काशिफ समोर मोटारसायकलवर बसला होता. पोस्टमन येऊन गेल्याचे सर्वांना ठाऊक होते, म्हणून न वाचून चालणार नव्हते.

बावन्न वर्षे मी या ओट्यावर पत्रे वाचतो आहे. शुक्रवारी प्रथमच कागदावर नसलेले वाचले. तुला सर्दी आहे, ऑडिट लांबले आहे आणि मेसमध्ये रोज वांगे असते, असे वाचले. वांग्यावर तुझी अम्मी रडली. तिला फोन कर.

मग शुद्धलेखन बघ, असे सांगून पत्र इन्शाच्या हाती दिले. तिने आत जाऊन वाचले आणि चपला घालून अश्विनीकडे गेली. काल पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. संध्याकाळी अश्विनीचे वडील गहिनीनाथ माझ्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, पोरगी म्हनती आदी फारम भरनार, मंग बाकीचं. ह्ये कालेज हाय तरी कुठलं?” रागात होते. मी चहा पाजला. चहा घेतला, पण हो म्हणाले नाहीत.

चित्रातले घड्याळ मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. दहावीच्या निकालाला ते मीच अश्विनीला दिले होते. तरी तुला विचारायला लावले. तू काय लिहिशील त्यामागे मला लपायचे होते. तेव्हा पहिली चूक माझी, ती तू आपल्या अंगावर घेऊ नकोस.

रात्रीच्या जेवणाला काशिफने पत्र मागितले. चुलीत गेले, असे मी सांगितले. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. आपल्याकडे अकरा वर्षांपासून गॅस आहे, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. तेव्हापासून त्याच्या पावलांचा आवाज आला की माझ्या हातातले पुस्तक मिटते. या वयात नातवाची भीती वाटावी, हे कुणाला सांगणार? तुला सांगतो.

घरी कधी यायचे, हे तू मला विचारायचे नाहीस. रजा मिळेल त्या दिवशी ये.

ती दोरी शेवटी टिकते का, असे इन्शाला विचारले. ती म्हणते, दादाजी, स्वतः बघा. पण मालिका तिच्या मोबाईलवर आहे आणि मोबाईल काशिफच्या कपाटात. उद्या असरनंतर, सगळे ओट्यावर असताना, मी तो मागणार आहे.

लोभ होताच. आता त्यात थोडी भर घालावी.
जैनुद्दीन